शेजारच्या झाडाचा जॅम

जोलीन हॉफमायरचं लग्न झालं ते साल एकोणीसशे शहाण्णव. ओहायोतल्या वेल्सफर्ड गावात त्या वर्षी आणखीही बरंच घडलं, पाण्याची नवी टाकी त्याच वर्षी उभी राहिली, पण मर्ल हॉफमायरच्या लेखी दोनच गोष्टी घडल्या. एक, धाकट्या मुलीचं लग्न. दुसरी, अख्ख्या वऱ्हाडाला विष घालायची त्याने स्वतःच्या हाताने केलेली तयारी. दुसरी गोष्ट तो आपणहून सांगत नाही. त्यासाठी त्याची बायको लव्होन खोलीत असावी लागते.

लव्होनच्या माहेरी एक रीत होती. मुलीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याच्या हातात जाताना जॅमची एक छोटी बरणी द्यायची, आणि त्यातलं फळ नवरीच्या घरच्या अंगणातलं हवं. दुकानातलं चालत नाही. या रीतीची राखणदार म्हणजे मर्लची सासू, हुल्डाबाई. वय अठ्ठ्याऐंशी, मुक्काम मर्लच्याच घरी, जिना चढून डावीकडची खोली. एका पुतणीने लग्नात विकतचा जॅम बरण्यांत भरून वाटला होता. हुल्डाबाईंनी एक चमचा चाखला, बरणी टेबलावर ठेवली आणि त्यानंतर त्या पुतणीशी कधी बोलल्या नाहीत.

मर्लने वसंतातच छातीठोक सांगून टाकलं होतं, ‘‘जॅम माझ्याकडे लागला. माझ्या चेरीचा.’’ जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस तो. बसचं इंजिन सांगून बिघडत नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. चेरीचं झाडही सांगून बिघडत नाही, हे त्याला मे महिन्यात कळलं. उशिरा आलेल्या एका थंडीने सगळा मोहोर काळा पडला. ही गोष्ट त्याने उन्हाळाभर कुणाला सांगितली नाही. कुणी विचारलं की तो म्हणायचा, ‘‘चालू आहे काम,’’ आणि तळघरात जाऊन रिकाम्या बरण्या पुसत बसायचा.

आता शेजाऱ्यांकडे वळायला हवं, कारण गोष्ट तिकडेच वळली. शेजारी म्हणजे अ‍ॅन्सेल प्रुइट, गावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, एकटे. त्यांच्या अंगणात कुंपणाला लागून एक शोभेचं झाड होतं. जूनमध्ये त्याला पांढरी, टोकदार पाकळ्यांची फुलं यायची आणि सप्टेंबरात लांब देठांवर लालबुंद, खडबडीत गोळे लटकायचे, चेरी आणि रासबेरीचं कुणी लग्न लावून दिल्यासारखे. झाड कसलं, हे मर्लला ठाऊक नव्हतं. विचारायची सोयही नव्हती, कारण प्रुइट आणि तो सहा वर्षं बोलत नव्हते.

भांडण पानांवरून झालं होतं. वेल्सफर्डमध्ये माणूस रविवारी चर्चला गेला नाही तरी लोक चालवून घेतात, पण त्याच्या झाडाची पानं दुसऱ्याच्या हिरवळीवर गेली तर चालवून घेत नाहीत. त्या शरदात मर्लने नुकतीच हिरवळ साफ केली होती आणि वाऱ्याने त्या झाडाची सगळी तांबडी पानं त्याच्या बाजूला आणून टाकली. मर्ल कुंपणाशी गेला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘मिस्टर प्रुइट, तुमच्या या झाडाचं पान, फूल, फळ, काडी, काही म्हणजे काहीही माझ्या हद्दीत नको.’’

प्रुइट म्हणाले, ‘‘बरं.’’

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी दाताळं घेऊन यायचे, मर्लच्या बाजूचं पान न पान ओढून न्यायचे आणि खिडकीकडे न बघता परत जायचे. मर्लला आधी हा आपला विजय वाटला. नंतर नंतर तो त्या वेळी पडदा ओढून घेऊ लागला. त्याच हिवाळ्यात प्रुइटांची बायको आयरीन वारली. अशा घरी शिजवलेलं काहीतरी न्यायचं असतं, म्हणून लव्होनने बटाटे आणि चीज घालून भट्टीत भाजलेलं एक भांडं नेऊन दिलं. मर्ल गेला नाही. भांडं घासूनपुसून परत आलं, आत एक बरणी होती. ‘‘काहीही नको’’ असं बोलून बसल्यामुळे मर्लने ती उघडली नाही. फळीवर मागे सारली आणि विसरला.

तर सप्टेंबरात लग्न तोंडावर आलं, बरण्या रिकाम्या, आणि कुंपणावरून एक फांदी मर्लच्या बाजूला झुकलेली, फळांनी लगडलेली. मर्लने एक फळ तोडलं, साल फोडली. आत पिवळाजर्द, पिकल्या सीताफळासारखा मऊ गर, गोड. आपल्या हद्दीत लोंबणारं फळ आपलंच, असा कायदा त्याने तिथल्या तिथे करून टाकला. पण त्या फांदीची फळं एका टोपलीत संपली. रविवारी प्रुइट शेजारच्या जिल्ह्यात बायकोच्या थडग्यावर फुलं ठेवायला जातात हे गल्लीला माहीत होतं. मर्लने त्या रविवारी शिडी लावली. शिडी कुंपणाच्या या बाजूला होती, मर्लचा कमरेपासून वरचा भाग त्या बाजूला होता. याला चोरी म्हणावं का, यावर तो पुढे बराच काळ विचार करत होता. त्याचं मत पडलं की अर्धी.

जॅम मात्र झाला. चाळणीतून गर काढता काढता त्याचा खांदा धरला, पण बरण्यांत तो मधासारखा तांबूस दिसू लागला. लव्होनने विचारलं, ‘‘चेरी अशी पिवळी कशी?’’ मर्ल म्हणाला, ‘‘वेगळ्या जातीची आहे.’’ लव्होनने बरणीचं झाकण लावलं आणि म्हणाली, ‘‘मर्ल, मला लग्नाची दुसरी खूप कामं आहेत.’’ झाकणांवर जोलीनने चिठ्ठ्या डकवल्या: हॉफमायरांच्या अंगणातून, प्रेमाने. हुल्डाबाईंनी एक बरणी उघडायला लावली. पहिला चमचा तोंडात घालून त्यांनी जॅम जिभेवर घोळवला. मग त्या म्हणाल्या, ‘‘टोस्ट आण.’’ त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ टोस्ट आणि जॅम.

इथवर सगळं ठीक होतं. लग्नाच्या आठवड्यातल्या मंगळवारी फोन आला. नवऱ्या मुलाची आई, मरिएटा, सिनसिनाटीहून बोलत होती. ती तिथल्या एका इस्पितळात औषध विभागाची मुख्य होती, आणि तिच्या बोलण्यात औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं काहीतरी असायचं.

‘‘मिस्टर हॉफमायर, जोलीन म्हणाली जॅम तुम्ही केलाय. फार छान. माझ्या भावाला काही फळं चालत नाहीत, ओठ सुजतात. कसला जॅम आहे?’’

‘‘घरचा आहे.’’

‘‘ते कळलं. फळ कुठलं?’’

‘‘अंगणातलं.’’

‘‘नाव काय त्याचं?’’

‘‘नाव,’’ मर्ल म्हणाला, ‘‘मी बघून सांगतो.’’

‘‘स्वतःच्या झाडाचं?’’

फोन ठेवल्यावर मर्लच्या लक्षात आलं की आपण एका माणसाच्या ओठांचा विचार करतोय, पण सासूबाईंनी तर दुसरी बरणी संपवली आहे. ही बाई गेली तर लग्न होणार नाही. लग्न झालं तर जेवायला आलेला प्रत्येक माणूस एकेक बरणी घेऊन घरी जाणार. आणि हे सगळं टाळायला फक्त एका माणसाला एक प्रश्न विचारायचा होता, जो कुंपणापलीकडे राहत होता. मर्लने टोपी घातली आणि बरोबर उलट्या दिशेला निघाला.

समोरच्या घरातला डुएन गाडी धूत होता. मर्लने खिशातून एक फळ काढलं. ‘‘डुएन, हे काय आहे सांग बघू.’’

‘‘लिची,’’ डुएन क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला. ‘‘चिनी हॉटेलात जेवणानंतर देतात. आमच्या सुनेला फार आवडते. कुठे मिळाली?’’

‘‘पडलेली होती.’’

‘‘ओहायोत लिची कुठून पडणार? वरून पडली का?’’ डुएनने आकाशाकडे बघितलं आणि पुन्हा टायर धुवायला लागला.

वाचनालयात झाडांवरची दोन जाड पुस्तकं निघाली, दोन्ही नावांच्या क्रमाने लावलेली. म्हणजे ज्याला झाडाचं नाव माहीत आहे त्याला ते पटकन सापडेल अशी उत्तम सोय होती. ज्याला माहीत नाही त्याने पहिल्या पानापासून सुरुवात करायची. मर्लने केली. मेपलपर्यंत पोहोचेस्तोवर वाचनालय बंद झालं आणि मेपल त्याला आधीच माहीत होतं. डोळे इतके ताणले होते की मधलं काही निसटलं असेल तर तेही त्याला कळलं नसतं.

बुधवारी तो जिल्ह्याच्या शेतकी सल्ला कचेरीत गेला. टेबलामागच्या बाईंनी फळ हातात घेऊन फिरवलं, वास घेतला. ‘‘पान आणलंय?’’ आणलं होतं. ‘‘फूल?’’

‘‘ऑक्टोबर आहे,’’ मर्ल म्हणाला.

‘‘खात्रीने सांगायला फूल लागतं. जूनमध्ये या.’’

‘‘लग्न शनिवारी आहे.’’

बाईंना या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही आणि मर्लला लावून देता येईना. ‘‘झाड कुणाचं आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘शेजाऱ्यांचं.’’

‘‘मग सोपं आहे. त्यांना विचारा.’’

मर्ल गाडीत येऊन बसला. जगातला प्रत्येक माणूस आपल्याला त्याच एका दाराशी ढकलतोय, असं त्याला वाटलं. घरी आला तर हुल्डाबाई स्वयंपाकघरात तिसरी बरणी खरवडत होत्या.

‘‘मॉम, जरा कमी खा. वाटायला पुरायला हव्यात.’’

‘‘अरे, माझ्या वयात कमी खाऊन कशासाठी वाचवायचं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तू माझ्याकडे असं का बघतोस? दोन दिवस बघतेय मी. माझ्या जिभेचा रंग बघायचाय का तुला?’’

मर्लला खरोखर बघायचा होता.

गुरुवारी लव्होनला कळलं. मर्लने सांगितलं नाही. ती भांडी विसळत असताना तो मागे उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘समजा,’’ आणि पुढचं तिने त्याच्या चेहऱ्यावरून वाचलं. ती ओरडली नाही. टॉवेलला हात पुसत तिने बागमंडळाच्या कॉर्लिस बीकमनबाईंना फोन लावला. कॉर्लिसबाईंचे गुलाब दर वर्षी जिल्ह्याच्या जत्रेत पहिले यायचे, आणि त्या आल्या त्याही परीक्षकाच्या थाटात, गळ्यात दुर्बीण अडकवून. प्रुइटांच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही असं मर्लने आधीच सांगितल्यामुळे त्यांनी कुंपणाशी उभं राहून झाडाकडे दुर्बिणीतून पाहिलं. झाड हातभर अंतरावर होतं. मग त्यांनी एक पान तोडलं, मधोमध हलकेच फाडलं आणि दोन्ही तुकडे दूर नेले. तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे ताणले गेले. खालचा तुकडा धाग्यांवर लोंबकळत राहिला.

‘‘डॉगवुड,’’ कॉर्लिसबाई म्हणाल्या. ‘‘हे धागे दुसऱ्याला यायचे नाहीत. फळ मात्र नेहमीच्यासारखं नाही.’’

मर्लच्या छातीवरचं ओझं उतरलं. डॉगवुड गावात निम्म्या अंगणांत होतं. वसंतात त्याची फुलं बघायला लोक गाड्या हळू करायचे.

‘‘फळ पाखरांसाठी ठीक,’’ त्या पुढे म्हणाल्या. ‘‘माणसांनी खायचं नसतं. माझ्या आजीने आम्हाला लहानपणी बजावून ठेवलं होतं. का, कुणी खाल्लंय का?’’

लव्होन म्हणाली, ‘‘कॉर्लिस, कॉफी घे.’’

‘‘नको, मला जायचंय,’’ कॉर्लिसबाई म्हणाल्या, आणि ज्या घाईने त्या गेल्या त्यावरून दोघांनाही कळलं की संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल.

शुक्रवारी सकाळी हुल्डाबाई नाश्त्याला खाली आल्या नाहीत. टोस्ट गार झाला. मर्ल जिन्याशी उभा राहून ऐकत होता. वरून काही आवाज नाही. लव्होन वर गेली, खाली आली आणि म्हणाली, ‘‘आईच्या पोटात दुखतंय. पडून आहे.’’ संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये दोन्हीकडच्या मंडळींचं जेवण होतं, उद्या लग्न, आणि जोलीन बाहेर पोर्चमध्ये फुलांच्या परड्या मोजत गाणं गुणगुणत होती. लव्होनने दार लोटून घेतलं.

मर्लने विषबाधेवर सल्ला देणाऱ्या नंबरला फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाचा माणूस होता.

‘‘काय खाल्लंय?’’

‘‘डॉगवुडचा जॅम.’’

‘‘जॅम,’’ तो माणूस म्हणाला. लिहून घेत असावा. ‘‘किती?’’

‘‘चार बरण्या होत आल्या.’’

‘‘एका वेळी?’’

‘‘नाही, टोस्टला लावून.’’

‘‘वय?’’

‘‘अठ्ठ्याऐंशी.’’

‘‘वागण्यात काही फरक? चिडचिड, भलतंसलतं बोलणं?’’

‘‘काल मला म्हणाल्या की मी कॉफी गाढवासारखी करतो.’’

‘‘हे नवीन आहे का?’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘हे बघा, डॉगवुडच्या बऱ्याच जाती आहेत. काही निरुपद्रवी, काहींनी पोट बिघडतं. नेमकी कुठली हे कळलं तर मी नेमकं सांगू शकेन. झाड कुणाचं आहे?’’

मर्लने डोळे मिटले. ‘‘मला माहीत आहे कुणाचं आहे,’’ तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारापासून प्रुइटांच्या दारापर्यंतचं अंतर म्हणजे दोन हिरवळी आणि मधलं कुंपण. मर्ल रस्त्याने वळसा घालून गेला, एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात एक बरणी. बरणी का घेतली हे त्याला सांगता आलं नसतं. बेल दाबायच्या आतच दार उघडलं.

‘‘या हॉफमायर,’’ प्रुइट म्हणाले. ‘‘डुएनकडून लिचीचं कळलं तेव्हा मला वाटलं होतं, बुधवारी याल.’’

‘‘मिस्टर प्रुइट, सासूबाई आजारी आहेत. मी तुमच्या झाडाची फळं घेतली. न विचारता. त्याचं नाव काय, ती खायची असतात का, तेवढं सांगा. बाकीचं नंतर काय बोलायचं ते बोला, मी उभा राहून ऐकेन.’’

प्रुइटांनी त्याच्या हातातली बरणी घेतली आणि उजेडात धरली. ‘‘कूसा डॉगवुड,’’ ते म्हणाले. ‘‘मूळ जपानकडचं. आपल्याकडच्याचा चुलतभाऊ, पण याचं फळ खातात. आयरीनने लावलं. वीस वर्षं जॅम करायची. सासूबाईंना दुसरं काहीतरी बाधलंय.’’

मर्लला बसावंसं वाटलं, पण कुणी बस म्हणालं नव्हतं.

‘‘त्या रविवारी मी गेलो नव्हतो,’’ प्रुइट म्हणाले. ‘‘गाडी दुरुस्तीला होती. स्वयंपाकघरातून बघत होतो. तुमची शिडी डावीकडे कलली होती, मला भीती वाटली पडाल. बाहेर यावं असं मनात आलं. पण मग तुम्ही घाबरून पडला असतात.’’

‘‘काही बोलला नाहीत.’’

‘‘तुम्ही विचाराल म्हणून थांबलो. इतक्या वर्षांनी तुम्हाला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं.’’ त्यांनी झाकण फिरवून उघडलं, बोट बुडवलं आणि चाखलं. ‘‘लिंबू कमी पडलंय,’’ ते म्हणाले. ‘‘ती जास्त पिळायची. भांड्यातून पाठवली होती ना एक बरणी, तिच्या हातची शेवटची. त्यात कळलं असेल तुम्हाला.’’

एकच शिल्लक असलेली ती बरणी या माणसाने त्याला दिली होती, आणि त्याने ती फळीवर मागे सारली होती. ‘‘मी ती उघडली नाही,’’ तो म्हणाला. मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘आणि यावर आमचं अंगण लिहिलंय. आज बसून सगळ्या काढतो.’’

प्रुइटांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. ‘‘राहू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘पण हॉफमायर, फळं तुमच्या अंगणातली, तर पानंही तुमच्याच अंगणातली. मला हल्ली वाकवत नाही.’’

मर्ल घरी आला तेव्हा हुल्डाबाई खाली आल्या होत्या, केसांना रोलर लावून, हातात सोड्याच्या पाण्याचा पेला. संध्याकाळच्या जेवणासाठी अक्रोड लावून ठेवलेला चीजचा मोठा गोळा फ्रिजमध्ये निम्मा उरला होता, आणि लव्होन त्याच्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती.

‘‘रात्री भूक लागली होती,’’ हुल्डाबाई म्हणाल्या. ‘‘हा कुठे गेला होता तोंड पाडून?’’

मर्लने सांगितलं, शिडीपासून सगळं. हुल्डाबाईंनी ढेकर दिली आणि म्हणाल्या, ‘‘मला पहिल्या चमच्याला कळलं. आयरीनने केलेला असाच होता.’’

‘‘तुम्ही कुठे खाल्लात?’’

‘‘तू फळीवर मागे ढकलून ठेवला होतास तो. सहा वर्षं झाली. मेले का मी?’’

‘‘मग इतके दिवस बोलला का नाहीत?’’

‘‘तुला कधी लाज वाटते ते बघत होते. वाटली का?’’

‘‘वाटली.’’

‘‘मग त्याला लग्नाला बोलावलंस का?’’

मर्लने लव्होनकडे बघितलं. निमंत्रणं जूनमध्येच गेली होती, शेजारचं घर सोडून.

‘‘घरचा माणूस म्हणून बोलाव,’’ हुल्डाबाई म्हणाल्या. ‘‘म्हणजे अंगणही घरचं होईल आणि मला तुझ्याशी बोलणं टाकायला नको. या वयात माणसं कमी करून परवडत नाही.’’

या वेळी मर्ल कुंपणावरून गेला. शिडी होतीच.

शनिवारी अ‍ॅन्सेल प्रुइट जुना करडा सूट घालून हुल्डाबाईंच्या शेजारी बसले. मरिएटाने बरणी हातात घेऊन विचारलं तेव्हा मर्लने फळाचं नाव, मूळ देश आणि ते कुणी लावलं हे सगळं सांगितलं, आणि तिचा भाऊ दोन बरण्या घेऊन गेला. त्याचे ओठ जसे होते तसेच राहिले. कॉर्लिसबाईंनी घेतली, पण दुसऱ्या दिवशी कुणाला काही झालं नाही अशी खात्री झाल्यावर उघडली.

तीन आठवड्यांनी झाड तांबडं झालं आणि पानं गळू लागली. मर्ल रोज सकाळी दाताळं घेऊन बाहेर पडायचा, आधी पलीकडचं अंगण, मग आपलं. प्रुइट खिडकीत बसून कॉफी पीत बघायचे आणि राहिलेलं पान काचेवर बोट टेकवून दाखवायचे. पडदा कुठल्याच खिडकीला ओढलेला नसायचा.

हुल्डाबाई दोन हजार चारच्या मार्चमध्ये वारल्या, शहाण्णवाव्या वर्षी, झोपेत. अ‍ॅन्सेल प्रुइट त्यांच्या कितीतरी आधी गेले, एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये. झाड तेव्हा फुललेलं होतं.